उलटी न झालेली खूण

जळगावला भाविकाचा सत्कार दुपारी होता आणि योगराजचा मेल सकाळीच आला. ती तेव्हा आईवडिलांबरोबर गाडीत होती. भुसावळ मागे पडलं होतं. वडील, चुडामण नेहेते, पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला सांगत होते, "पोरीनं करंटमधी असा शोध लावला, परदेशातले लोक तिले विचारू राह्यले." ड्रायव्हर मान डोलवत होता. आई, कुंदाबाई, मागे बसून लेकीच्या साडीची पिन पुन्हा पुन्हा नीट करत होती. भाविकानं मोबाइल उघडला.

"ताई, एक शंका होती," योगराजनं लिहिलं होतं. "गार असताना स्फटिक दुसऱ्या बाजूला कलवून पाहिला. खूण उलटी होत नाही. गार नसताना होते. माझंच काहीतरी चुकत असणार. तुम्ही कसं केलं होतं, सांगाल का?"

तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि बाहेर बघत राहिली. नशिराबाद येऊन गेलं तरी तिला कळलं नाही.

भाविका रावेरकडच्या एका केळीच्या गावची. धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. त्याआधी ती हैदराबादला डॉ. सान्यालांच्या गटात संशोधन करत होती. तिची जागा रिकामी झाली तेव्हा सान्यालांनी विचारलं होतं, कुणी चांगला मुलगा आहे का, आणि तिनंच योगराजचं नाव सुचवलं होतं. तो धुळ्याचा, तिच्याच कॉलेजातला. हुशार, पण स्वतःवर भरवसा नसलेला. प्रत्येक वाक्य "माझंच चुकत असेल" असं संपवायचा.

काम असं होतं. तांबं आणि ऑक्सिजनचे थर असलेले काही स्फटिक पुरेसे गार केले की त्यांतून वीज कसलाही अडथळा न होता वाहते. त्यांना उच्च तापमानाचे अतिवाहक म्हणतात. ते असे का वागतात हे अजून कुणालाच पुरतं उमगलेलं नाही. इलेक्ट्रॉनला स्वतःची एक फिरकी असते. जड अणूंमध्ये ही फिरकी आणि इलेक्ट्रॉनची धाव एकमेकींना बांधलेल्या असतात. तो कुठल्या दिशेनं पळतो त्यावर फिरकी कुठे झुकणार हे ठरतं. याला स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हणतात. तांबं त्या मानानं हलकं, म्हणून या स्फटिकांत ते बंधन धरण्याजोगं नसतं, असंच बरीच वर्षं मानलं गेलं. पुढे काही जणांना ते तिथंही दिसलं. भाविकाचा दावा त्याच्या पुढचा होता. स्फटिक गार होऊन अतिवाहक झाला की हे बंधन एकदम घट्ट होतं, असं तिनं मोजून दाखवलं होतं. तसं असेल तर अतिवाहकतेतच त्याचा हात असू शकत होता. तिच्या लेखाची चर्चा झाली ती यामुळे.

हे मोजायचं म्हणजे निर्वातात ठेवलेल्या स्फटिकावर प्रकाश टाकायचा, उडून बाहेर येणारे इलेक्ट्रॉन पकडायचे आणि त्यांची फिरकी कुठे झुकली आहे ते बघायचं; तो झुकाव म्हणजे या बंधनाची खूण. पण यंत्रही फसवतं. म्हणून स्फटिक दुसऱ्या बाजूला कलवून उलट दिशेनं पळणारे इलेक्ट्रॉनही मोजतात. खूण खरी असेल तर दिशा उलटली की फिरकीही उलटते. यंत्राची करामत असेल तर खूण आहे तशीच राहते.

भाविकानं स्फटिक कलवून पाहिला होता. गार नसताना खूण उलटली होती. गार असताना, युरोपातल्या ज्या मोठ्या यंत्रावर हे मोजमाप चालायचं तिथल्या तिच्या शेवटच्या दिवशी, उलटली नव्हती. स्फटिकाचा पृष्ठभाग निर्वातातही काही वेळानं खराब होतो. तसंच झालं असणार, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते मोजमाप बाजूला ठेवलं. "कलवून पाहिलंस ना?" सान्यालांनी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "हो सर, उलटते." ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. गावाकडून दोन जीपगाड्या भरून माणसं आली होती. अध्यक्ष होते नेमीचंदशेठ, जळगावचे विजेच्या तारांचे आणि मोटारींचे व्यापारी. गावातल्या बहुतेक विहिरींवरची मोटार त्यांच्या दुकानातली. चुडामणशी त्यांचा जुना घरोबा, आणि सत्काराची कल्पनाही त्यांचीच. शाल देताना ते माइकवर म्हणाले, "या पोरीनं माझं दुकान बंद पाडायचं ठरवलंय. बिनगळतीची तार आली तर माझी तार कोण घेणार?" लोक हसले.

भाविका बोलली. उच्च तापमान म्हणजे जळगावचं ऊन नव्हे, बर्फापेक्षा कितीतरी गारच, हे तिनं सांगितलं तेव्हाही लोक हसले. तिनं फिरकीचं सांगितलं, धावेचं सांगितलं. गार केल्यावर बंधन घट्ट होतं या वाक्याशी ती आली आणि क्षणभर थांबली. पहिल्या रांगेत चुडामण नवी टोपी घालून बसले होते. हात गुडघ्यांवर, तोंड थोडं उघडं. तिनं वाक्य पूर्ण केलं.

टाळ्या संपल्यावर नेमीचंदशेठ पुन्हा उठले. "बेटी, यातलं मला काही कळत नाही. मी दुकानदार माणूस, एकच विचारतो. तू शोधलंस ते पक्कं? उद्या कोणी म्हणणार नाही ना की असं काही नव्हतंच?"

"पक्कं," भाविका म्हणाली.

नंतर भरीत-पुरीचं जेवण होतं. बायका येऊन तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडत होत्या. कुणीतरी आपल्या नातीला तिच्या पाया पडायला लावलं. भाविका पाय मागे घेत राहिली. तिच्या पानातलं भरीत तसंच राहिलं, आणि कुंदाबाई शेजारणीला म्हणाली, "आनंदानं भूकच मेली पोरीची."

धुळ्याला परतल्यावर तिनं योगराजला उत्तर दिलं नाही. त्यानं दुसरा मेल पाठवला, अगदी संकोचून. तेव्हा तिनं लिहिलं, "पृष्ठभाग शिळा झाला असेल. नवा कापून बघ." पाठवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. आपण काय केलं हे तिला नीट कळत होतं. जी सबब तिनं स्वतःला दिली होती, तीच तिनं त्याच्या हातात दिली होती; आणि तो ती खरी मानणार होता, कारण ती ताईनं दिली होती.

मग त्याचे मेल आले नाहीत. तिला वाटलं, सुटले. आणि असं वाटल्याची तिला लाज वाटली.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी प्रयोगशाळेतले झिपरूभाऊ दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुमले भेटाले कोनी तरी येल शे."

योगराज होता. वाळला होता. हातात लॅपटॉपची बॅग. त्यानं वाकून नमस्कार केला.

"सुट्टीवर आलास?"

"नाही ताई. सोडून आलो."

त्यानं सगळं सांगितलं. तिच्या सल्ल्याप्रमाणे त्यानं नवे स्फटिक कापले. पुन्हा मोजलं. पुढच्या खेपेला पुन्हा यंत्र मिळालं तेव्हा पुन्हा मोजलं. खूण गार असताना एकदाही उलटली नाही. गटाच्या बैठकीत सान्यालांनी सगळ्यांसमोर विचारलं, भाविकाला जे जमलं ते तुला का जमत नाही? हा हातच या कामाचा नाही, असंही ते म्हणाले. त्यानं दुसऱ्याच दिवशी सामान बांधलं.

"माझा मलाच राग आला, ताई. तुम्ही माझं नाव सुचवलं होतं. तुमचं नाव खराब केलं मी. तेवढं सांगायलाच आलो."

झिपरूभाऊ चहा ठेवून गेले. बाहेरच्या मैदानात मुलं व्हॉलीबॉल खेळत होती, त्यांचा आरडाओरडा खिडकीतून आत येत होता. भाविकानं कप उचलला आणि परत ठेवला.

"योगराज, माझीही उलटली नव्हती."

त्याला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"गार असताना. शेवटच्या दिवशी मी कलवून पाहिलं होतं. खूण तशीच राहिली. मी ते मोजमाप सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही."

"लेख लिहिला तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

त्यानं हळूच विचारलं, "मी पहिला मेल केला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, नवा कापून बघ."

योगराजनं बॅग खांद्याला लावली. दारात जाऊन तो थांबला. "मी घरी सांगितलंय, मला जमत नाही म्हणून," तो म्हणाला. "वडील तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत." आणि निघून गेला.

तिनं त्याच दुपारी सान्यालांना फोन लावला. आधी वाटलं, मेल करावा, त्यात शब्द नीट जुळवता येतात. पण शब्द जुळवण्याचीच तिला भीती वाटली. तिनं सगळं सांगितलं. मग सान्याल म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

"हो सर."

"लेख मागे घ्यावा लागेल. का घेतोय ते तू तुझ्या नावानं लिहायचंस. आडवळणाचं नको."

"आणि योगराजचं मोजमाप बरोबर होतं, तेही लिहिते."

"ते तर लिहायचंच," सान्याल म्हणाले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज उतरला. "त्या मुलाला मी सगळ्यांसमोर बोललो. त्याचा फोन नंबर बदललाय का? तो गेल्यापासून उचलत नाहीये."

शनिवारी ती गावी गेली. केळीची गाडी भरणं चालू होतं, म्हणून चुडामण दुपारी उशिरा घरी आले. हातपाय धुऊन ते ओट्यावर बसले तेव्हा तिनं त्यांना आणि आईला सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण स्वतःला सोपं पडेल असं काही त्यात ठेवलं नाही. सत्काराच्या दिवशी गाडीतच मला कळलं होतं, हेही सांगितलं.

कुंदाबाई म्हणाली, "चुकतं माणसाचं. एवढं काय मनाले लावून घेतं?" आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

चुडामणनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजे शेठनं विचारलं तवा तुले माहीत होतं."

"हो आबा."

"आन तू पक्कं म्हने."

"हो."

ते उठले. गोठ्याकडे जाऊन आले. परत येऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "शेठले तू सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळायले नको. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला नेमीचंदशेठच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. एक शेतकरी मोटारीसाठी तार मोजून घेत होता. शेठनी दोघांना बघितलं आणि गादीवर सरकून जागा केली. "या, या! आमच्या शास्त्रज्ञबाई आल्या." शेतकऱ्यालाही त्यांनी ओळख करून दिली. तो हात जोडून म्हणाला, "पेपरात वाचलं होतं ताई."

भाविकाला वाटलं, हा माणूस गेला की बोलावं. पण तो जाईपर्यंत थांबलं तर आपण बोलणारच नाही, हेही तिला कळलं. तिनं त्याच्यासमोरच सांगितलं. शेठ ऐकत होते. मध्ये त्यांनी नोकराला तार गुंडाळण्याची खूण केली, पण नजर तिच्यावरून हलवली नाही.

"चूक झाली असती तर मी काही म्हटलं नसतं, बेटी," ते शेवटी म्हणाले. "धंद्यात माझ्याही चुका झाल्या. पण मी त्या दिवशी तुला शास्त्र विचारलं नव्हतं. एक शब्द विचारला होता. तू म्हणाली असतीस, 'काका, अजून बघायचंय', तर त्या शालीला काही झालं नसतं. लोकांनी तेवढ्याच टाळ्या दिल्या असत्या."

"हो काका."

"मी तुझ्या शब्दावर सगळीकडे सांगत फिरलो. आता मी सगळीकडे हेही सांगणार. माझा इलाज नाही."

"सांगा," भाविका म्हणाली.

शेठनी चहा मागवला नाही. त्यांच्या दुकानातून चुडामण बिनचहाचे उठले, असं आजवर कधी झालं नव्हतं. ते पायऱ्या उतरताना अडखळले. भाविकानं हात पुढे केला, पण त्यांनी कठडा धरला.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पोराचं काय झालं?"

"सरांनी मेल करून त्याला परत बोलावलंय. तो फोन उचलत नाही."

"तू त्याच्या घरी गेलती का?"

भाविका गेली नव्हती. फोन झाला, मेल झाला, लेख मागे घ्यायचं पत्र गेलं. जे लिहून करता येत होतं ते सगळं तिनं केलं होतं. योगराजच्या वडिलांसमोर उभं राहायचं ती टाळत होती, आणि ते तिला आता, भर बाजारात, वडिलांच्या तोंडून कळलं.

"त्याच्या बापाले वाटू राह्यलं, पोरगं नालायक निघालं," चुडामण म्हणाले. "मी बाप हाये. मले समजतं ते. चाल, धुळ्याची गाडी पाहू."

एरंडोल आलं तेव्हा चुडामणनी एकदम विचारलं, "मंग ते बंधन हायेच नही का?"

"आहे, आबा. थोडं आहे. गार केल्यावर वाढतं असं मी म्हटलं, ते खोटं."

"थोडं हाये, ते तरी खरं?"

"ते खरं. ते योगराजनंही मोजलंय."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

योगराजचं घर धुळ्यात देवपूरच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी त्याच्या वडिलांची. पुनाभाऊ पट्टा बंद करून, अंगावरचं पीठ झटकत बाहेर आले. चुडामणनी ओळख सांगितली तसं त्यांनी घाईघाईनं खाट पुढे ओढली. "बठा, बठा. तुम्ही त्याना मॅडम ना? तुम्हीच त्याले तिकडे धाडं व्हतं. पोर्‍यानं नाव घालाडं तुमनं."

"नाही भाऊ," भाविका म्हणाली. ती बसली नाही. "त्याचं काम बरोबर होतं. माझं चुकलेलं होतं. मला ते माहीत होतं आणि मी त्याला सांगितलं नाही. तो चुकतोय असं मी त्याला वाटू दिलं. त्याच्या साहेबांनी त्याला बोल लावला तो माझ्यामुळे."

पुनाभाऊंनी चुडामणकडे बघितलं, जणू हे खरं आहे का असं विचारत. चुडामणनी मान खाली घातली. भाविकानं आपल्या वडिलांना कुणासमोर मान खाली घालताना पहिल्यांदा पाहिलं. नेमीचंदशेठच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. तिला रडू फुटलं. तिनं ते आवरलं, कारण इथं रडून आपली कुणी समजूत घालावी, हे तिला नको होतं.

"मी त्याले काय काय बोलनू," पुनाभाऊ म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते. "आख्खी गल्लीसमोर बोलनू."

योगराज आतल्या दारात उभा होता. केव्हापासून, ते कुणालाच कळलं नव्हतं. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते गिरणीत गेले आणि काहीही दळायचं नसताना त्यांनी पट्टा चालू केला.

त्या आवाजात योगराज पुढे आला. भाविकाला वाटलं, तो आता काहीतरी टोचून बोलेल, आणि तिला ते हवंही होतं. पण त्यानं विचारलं, "तुम्ही सोडून दिलेलं मोजमाप आहे अजून?"

"आहे."

"सगळं पाठवा. गार करताना स्फटिक धरणारा दांडा आखडतो. स्फटिक जागेवरून जरा सरकत असेल तर इलेक्ट्रॉन यंत्राच्या कडेला पडून खोटी खूण उमटत असेल. तसं असेल तर तुमच्या आकड्यांतही दिसेल."

"आज पाठवते."

"बरं," तो म्हणाला. तिनं वडिलांना जे सांगितलं त्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. चुडामणना मात्र त्यानं वाकून नमस्कार केला आणि पाणी आणून दिलं.

पंधरवड्यानं तो हैदराबादला परत गेला. दांडा आखडण्याचा त्याचा अंदाज बरोबर निघाला. सान्यालांनी गटाच्या बैठकीत त्याची माफी मागितली, असं भाविकाला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तिचा लेख मागे घेतला गेला. परिषदेचं एक निमंत्रण रद्द झालं, आणि ज्या सहकाऱ्यांशी ती रोज जेवायची त्यांतले काही तिच्यासमोर संशोधनाचं बोलेनासे झाले. प्राचार्यांनी एकदा बोलावून घेतलं, नोकरी राहिली.

वर्गात ती हा विषय शिकवते. अतिवाहकांपाशी येते तेव्हा हे बंधन कसं मोजतात ते सांगते, मग स्फटिक दुसऱ्या बाजूला का कलवायचा ते सांगते, आणि न कलवण्यापेक्षा कलवून दिसलेलं दडवणं कसं वाईट, ते स्वतःच्या नावासकट सांगते. मुलं गप्प होतात. कधी एखादी मुलगी ओशाळून वहीत बघू लागते, जणू चूक तिनंच केली. सांगताना भाविकाचे कान अजून तापतात. ते कमी होईल असं तिला वाटलं होतं, झालेलं नाही.